दोह्यातली डिव्हिजन

हिलाल

कतारला जाऊन आलो म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न सोन्याचा येतो आणि दुसरा उंटांचा. सोनं मी दुकानाच्या काचेतून पाहिलं, उंट गाडीच्या. जवळून पाहिली ती पायदळाची एक अख्खी डिव्हिजन, आणि तीही ग्रीसची. हे सांगितलं की लोक आधी माझ्या वयाकडे पाहतात आणि मग चहा मागवतात.

म्हणून रीतसर लिहून ठेवतो. मी फौजेतला कारकून. विशीच्या आत भरती झालो, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत एका खेचर कंपनीचे कागद सांभाळले, पुढे सुभेदार होऊन कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो. कागद जागच्या जागी नसला तर मला अन्न गोड लागत नाही. हा स्वभाव घरच्यांनी आयुष्यभर सोसला. कतारमध्ये तो सुधाकरने, माझ्या मुलाने, दोन महिने सोसला.

सुधाकर दोह्यात एका ग्रीक बांधकाम कंपनीत सर्व्हेअर आहे. ऐंशी सालच्या डिसेंबरात सून बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तो तिकडे एकटा पडला, तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. विमानतळाजवळ हिलाल भागात त्याची दोन खोल्यांची जागा होती. वाळवंटाचा देश म्हणून मी मलमलीचे सदरे घेऊन गेलो, आणि पहिल्याच संध्याकाळी मुलाचा स्वेटर मागून घातला. उत्तरेकडून असा वारा सुटला होता की भाकरीच्या घासालाही वाळू लागत होती.

शहर निम्मं उभं राहिलेलं, निम्मं अजून खड्ड्यात. समुद्रात भर टाकून रस्ता करायचं काम चाललं होतं. रस्त्यावर आपल्या लोकांची हिंदी सगळीकडे चालते. त्यात ‘यल्ला’, म्हणजे चला, आणि ‘खलास’ घातले की अरबांशीही निभतं. दिवसभर घरात बसून मी सुधाकरची कपाटं लावली, पावत्या महिन्यावार टाचल्या, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आठवड्याने त्याने माझ्यापुढे हात जोडले.

“आण्णा, आता पुरे. मीठ कुठलं ते मला चवीवरनं कळतंय. उद्या शुक्रवारची सुट्टी आहे. तुमच्याच जातकुळीचा एक माणूस दाखवतो.”

पहिला शुक्रवार

कंपनीचा कॅम्प दक्षिणेला, उम्म सईदच्या रस्त्यावर. गाडी हसनमियांनी चालवली. हे दापोलीकडचे, कंपनीचे ड्रायव्हर, बारा वर्षं कतारात. “सायब हाय जरा तापट,” त्यांनी वाटेतच बजावलं, “पन मानूस सोन्यासारखा. मना एकदा चुकीचा नट दिला, तर दुसऱ्या दिवशी सोता साइटवर येऊन बदलून गेला.”

साहेब म्हणजे कंपनीचे स्टोअरकीपर, मिस्टर थानासी. वय पासष्टच्या घरात, उंच, पांढऱ्या मिशा, पाय ओढत चालणं. त्यांच्या स्टोअरमध्ये पाऊल टाकलं आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. प्रत्येक खिळ्याला खण, प्रत्येक खणाला नंबर. सुधाकरने माझी ओळख करून दिली तसं त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, “कुठली शाखा?”

“कारकून,” मी म्हणालो.

“मीही,” ते म्हणाले आणि मला हाताला धरून मागच्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेले. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं फौजी. दोघांचं मिळून छान चाललं.

त्या खोलीत डिव्हिजन होती. एका भिंतीवर दारापासून खिडकीपर्यंत कागद जोडून केलेला तक्ता. सगळ्यात वर सेनापतीची चौकट, तिच्याखाली पायदळाच्या तीन रेजिमेंटा, प्रत्येकीत तीन बटालियन. बाजूला डोंगरी तोफखाना, ज्याच्या तोफा सुट्या करून जनावरांच्या पाठीवर लादत. मग टेहळणीचं घोडदळ, सुरुंगवाले, तारायंत्रवाले, इस्पितळं. आपल्याकडे डिव्हिजनच्या पोटात ब्रिगेड असतात आणि त्यांच्या पोटात पलटणी. त्यांच्याकडे मधली पायरी रेजिमेंटची. एवढा फरक सोडला तर, अक्षरं ग्रीक असूनही, चौकटींवरून मला तो तक्ता उघड्या पुस्तकासारखा वाचता येत होता. थानासी एका बटालियनचे कारकून होते, आणि आता शुक्रवारच्या सुट्ट्यांत आपल्या डिव्हिजनचा इतिहास लिहीत होते.

त्यांनी तो मला तक्त्यावर बोट ठेवून सांगितला. ही डिव्हिजन त्यांच्याच डोंगरी मुलखातल्या पोरांची. चाळीस सालच्या ऑक्टोबरात पहाटे इटलीची फौज सरहद्द ओलांडून आत आली, तेव्हा पहिला मार याच लोकांनी खाल्ला आणि जागा सोडली नाही. पुढे त्यांनी शत्रूला मागे रेटत अल्बानियाच्या डोंगरांत नेलं. तिथे बर्फाने गाठलं. “गोळीपेक्षा थंडीने जास्त नेले,” ते म्हणाले आणि त्यांनी डाव्या पायाचा बूट काढला. अंगठ्याशिवाय बोटं नव्हती. वसंतात जर्मन उतरले, वरून शरणागतीचा हुकूम आला आणि डिव्हिजन एका दिवसात विरली. माणसं चालत घरी गेली. थानासींनी बटालियनची हजेरीपुस्तकं पोटाला बांधून आणली, म्हणून ती वाचली.

“युद्धानंतर डिव्हिजन पुन्हा उभी केली,” ते म्हणाले. “मग आमची आपसातली लढाई झाली. ते मी लिहिणार नाही. त्यात दोन्ही बाजूंना आमच्याच गल्लीतली मुलं होती.”

जेवायला पांढऱ्या घेवड्याचा रस्सा होता, वरून ऑलिव्हचं तेल, सोबत पाव आणि खारवलेली ऑलिव्हं. घेवडा आमच्या तालुक्याचा जीव की प्राण, त्यामुळे मी तो परीक्षकाच्या तोंडाने खाल्ला. मसाला नव्हता, पण शिजवणारा जाणता होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर थानासींनी खरं काम काढलं.

मार्चमध्ये ते नोकरी सोडून कायमचे गावी जाणार होते. गावच्या चौकात युद्धात पडलेल्यांच्या नावांचा दगड आहे. तो थंडीने तडकला, म्हणून ईस्टरला नवा बसायचा होता. नावांची यादी पाद्रीबाबांनी यांच्याकडे मागितली होती, कारण हजेरीपुस्तकं यांच्याकडे. सगळी नावं तयार होती. एक सोडून.

“कोस्तास,” ते म्हणाले. “माझ्या समोरच्या घरातला. एका टेकडीसाठी तीन दिवस झुंज झाली. नंतर हजेरी घेतली. पडलेले पाहिलेले, जखमी मोजलेले. कोस्तासला पडताना कोणी पाहिलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, तो मागे खाली उतरताना दिसला. नियम होता तसं मी लिहिलं.” त्यांनी पुस्तक उघडून लाल शाईतला एक शब्द दाखवला. “पळाला. हा शब्द गावात पोचला. जुन्या दगडावर त्याचं नाव लागलं नाही. त्याच्या बहिणीचं, एलेनीचं, ठरलेलं लग्न मोडलं. ती अजून त्याच घरात आहे. चाळीस वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत आणि ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. माणूस दिलासा मागत होता हे कोणालाही कळलं असतं. पण माझ्यातला हेडक्लार्क नेमका तेव्हाच जागा झाला.

“नोंद नियमाप्रमाणे बरोबर आहे,” मी म्हणालो. “कागदाचा आधार असल्याशिवाय ती बदलता येणार नाही. मीही असंच लिहिलं असतं.”

थानासींनी पुस्तक मिटलं. “म्हणूनच मी बदललेली नाही,” ते म्हणाले आणि ताटल्या उचलायला लागले.

 परतताना सुधाकर म्हणाला, “त्या माणसानं काळीज काढून पुढं ठेवलं आण्णा, आणि तुम्ही त्याच्यावर शेरा मारलात.” तो खरं बोलत होता, आणि मुलगा खरं बोलला की मी चिडतो, म्हणून मी चिडलो.

शहानियाची वाट

मंगळवारी हसनमिया पश्चिमेला शहानियाकडे सामान पोचवायला निघाले होते. मी घरात कुढत बसलेला पाहून त्यांनी मला बरोबर घेतलं. गाव संपलं की दोन्ही बाजूंना नुसती खडकाळ सपाटी, झाड नाही, आडोसा नाही. आपल्या माळावर निदान एखादी बाभळ तरी असते. मैलोन्मैल पाहण्यासारखं काही नसलं की मन आपलं जुनं काहीतरी उकरत बसतं.

एका ठिकाणी उंटांची ओळ रस्ता ओलांडत होती, म्हणून आम्ही थांबलो. पुढे एक म्हातारा दोर धरून. मध्येच त्याच्या पायातलं पायताण तुटलं. तो खाली वाकला, आणि वाकण्याआधी दोर बाजूने चाललेल्या भलत्याच माणसाच्या हाती दिला. त्या माणसाने विचारलंसुद्धा नाही. त्याने दोर धरला आणि ओळ चालत राहिली.

मी गाडीत ताडकन सरळ बसलो.

“काय झाला आन्ना?” हसनमियांनी विचारलं. “उंट बगायला उतरायचा हाय काय?”

“हसनमिया, दोर सोडायचा नसतो,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, म्हाताऱ्या माणसासमोर हलवतात तशी.

इटलीत आमच्या खेचर कंपनीचा पहिला नियम हाच होता. खेचर हाकणाऱ्याला आम्ही ड्राबी म्हणायचो. अरुंद वाटेवर ड्राबी जखमी झाला तर जनावर मोकळं सोडायचं नाही. बिथरलेलं एक खेचर मागच्या दहांना दरीत नेतं. जो सगळ्यात जवळ असेल त्याने दोर धरायचा, मग तो पायदळाचा असो की तोफखान्याचा. तो तसाच आमच्याबरोबर खाली उतरायचा, आमच्या लंगरात जेवायचा, दुसऱ्या दिवशी माल घेऊन वर जायचा. तिकडे त्याची पलटण त्याला शोधत बसायची आणि त्याचं नाव मात्र आमच्या कागदांत असायचं. अशी किती माणसं मी स्वतः त्यांच्या पलटणींना परत पाठवली होती. आणि थानासींच्या भिंतीवरचा तो तक्ता आठवला, तर त्यात मी आयुष्याची उमेदीची वर्षं घालवलेली शाखा कुठे होती हेच मला आठवेना.

दुसरा शुक्रवार

होती, पण खालच्या कोपऱ्यात. बोटाएवढी चौकट, आत दोन शब्द आणि नालाची खूण. मी चष्मा लावून शोधली.

“ही खेचर कंपनी ना? हिचं हजेरीपुस्तक कुठे आहे?”

थानासी अजून माझ्यावर रुसलेलेच होते. “ते वाहतूकवाले. माझा इतिहास लढणाऱ्यांचा आहे.”

“लढणारे खात काय होते?”

मग मी त्यांना दोराचं सांगितलं. खाली उतरताना दिसलेल्या माणसाच्या हातात काय होतं, हे कोणी पाहिलं होतं का, असं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. खेचर कंपनीची पुस्तकं शरणागतीच्या वेळी जाळली, एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

“माणसांची जाळली असतील,” मी म्हणालो. “खेचरांची?”

मी पुढे सांगत गेलो. माणूस हरवला तर आमच्याकडे एक ओळ लागायची. खेचर हरवलं तर मात्र तीन प्रतींत चौकशी: खुरावरचा नंबर, रंग, पाठीवर काय लादलं होतं, कुठे पडलं, कोणाच्या हातात होतं. खाली पशुवैद्याची सही. या गोष्टीचा तरुणपणी मला राग यायचा. त्या खोलीत बसून तीच गोष्ट मी आनंदाने सांगत होतो.

थानासी हळूच खुर्चीवर बसले. त्यांच्या फौजेने खेचरं गावोगावच्या शेतकऱ्यांकडून घेतली होती, मालकाला पावती देऊन. त्या पावत्यांचं रजिस्टर तालुक्याच्या कचेरीत राही आणि जनावराचं पुढे काय झालं ते युद्धानंतर त्यात चढवलेलं असे. त्यांचा पुतण्या त्याच कचेरीत नोकरीला होता.

“मी सगळी कपाटं पाहिली,” ते म्हणाले. “ते एक नाही. ते जनावरांचं होतं.”

त्याच दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. कंपनीचा एक इंजिनिअर नाताळच्या रजेवर निघाला होता, त्याच्या हाती ते गेलं. त्या दिवशी घेवडा मी शिजवला, कांदा-लसणाचं तिखट घालून. थानासींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिखटाचंच आहे असं त्यांनी दोनदा सांगितलं.

संक्रांत

पुढचे आठवडे मी दोहा पाहिलं. लाकडी गलबतं पाहिली, बाजारात घासाघीस केली, समुद्राकाठी सुधाकरबरोबर चकरा मारल्या. खरं सांगायचं तर माझं लक्ष कशातही नव्हतं. इंजिनिअर कधी येणार, एवढंच मी रोज विचारी, आणि हसनमिया रोज “इन्शाल्ला, उद्या” म्हणत. मनात भीती होती. मी एका माणसाच्या मनात आशा घातली होती, आणि रजिस्टर उंदरांनी खाल्लेलं असलं तर ती पुन्हा काढून कशी घ्यायची हे मला ठाऊक नव्हतं.

संक्रांत आली. बाजारात तीळ मिळाले, गूळ मी घरून नेलाच होता. मुलाने आणि मी मिळून वेडेवाकडे लाडू वळले. त्यानंतरच्या शुक्रवारी डबा घेऊन कॅम्पवर गेलो तर थानासी दारातच उभे होते. हातात पाकीट. आदल्या दिवशी आलेलं, आणि अजून बंद.

“साक्षीदाराशिवाय उघडायचं नाही असं ठरवलं,” ते म्हणाले.

आत रजिस्टरच्या एका पानाची फोटोकॉपी होती. त्यांनी ती टेबलावर सपाट केली आणि बोटाने एकेक ओळ खाली सरकत गेले. एका ओळीपाशी बोट थांबलं. ते वाचत आणि मला इंग्रजीत सांगत.

“करडं खेचर. डावा कान कापलेला.” मग मालकाचा रकाना आला आणि तो त्यांनी दोनदा वाचला.  “हे कोस्तासच्या बापाचं नाव आहे. हे त्यांच्याच घरचं जनावर. मी लहानपणी यावर बसलो आहे.”

शेवटच्या रकान्यात, पशुवैद्याच्या दाखल्यावरून बारीक अक्षरात चढवलेलं, असं होतं: दारूगोळा घेऊन वर जाताना बर्फावरून घसरून कड्याखाली गेलं. नेमलेला हाकणारा पाय गोठून इस्पितळात. त्याच्या जागी दोर धरलेला पायदळाचा शिपाई कोस्तास खेचराबरोबर गेला.

मी आधी तारीख विचारली. सवय आहे. थानासींनी हजेरीपुस्तक उघडून ताडून पाहिली. ती लाल शाईच्या नोंदीच्या आदल्या दिवसाची होती.

म्हणजे तो खाली उतरला हे खरं. आपलं जनावर त्याने ओळखलं म्हणून दोर घेतला, की दोर घेतल्यावर ओळखलं, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. पण तो परत वर निघाला होता, तोफांकडे.

“चाळीस वर्षं हा कागद माझ्या घरापासून बसने दोन तासांवर होता,” थानासी म्हणाले. “मी रेजिमेंटा मोजत बसलो.” मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि ते मोठ्याने रडले. मीही रडलो. सुधाकर उठून बाहेर गेला आणि हसनमियांच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने त्यांनी खोडरबर शोधायला खण उघडला. मी त्यांचा हात धरला. चुकीची नोंद खोडायची नसते. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खरी नोंद करून सही करायची. त्यांना हा नियम माहीत होता. त्या क्षणी ते विसरले होते. त्यांनी पट्टी घेऊन रेघ मारली. मग पेन माझ्याकडे दिलं.

“एकदा मी लिहिलं,” ते म्हणाले. “आता तुम्ही लिहा.”

मला त्यांची लिपी येत नाही असं मी सांगितलं. तुमच्या लिपीत लिहा, म्हणाले. म्हणून ग्रीक पायदळाच्या त्या हजेरीपुस्तकात, कोस्तासच्या नावापुढे, मी मराठीत लिहिलं: ‘कामावर असताना मृत्यू. कागद पाहून खात्री केली.’ खाली हुद्द्यासकट सही केली. त्यांनी शेजारी आपली केली.

निघताना मी लाडू दिले आणि आमच्याकडे हा लाडू हातावर ठेवून वर्षभराचा अबोला सोडायला सांगतात, हे समजावलं. थानासींनी एक खाल्ला. दुसरा रुमालात बांधून त्या फोटोकॉपीजवळ ठेवला.

गावी

फेब्रुवारीत मी परतलो. मोटारीत, देवळात, चावडीवर लोकांनी सोन्याचे भाव विचारले, मी सांगितले. मे महिन्यात ग्रीसहून पत्र आलं, पुतण्याच्या इंग्रजीत, थानासींनी सांगून लिहवलेलं.

नवा दगड बसला होता आणि त्यावर कोस्तासचं नाव होतं. पण त्याआधी, गावी पोचले त्याच सकाळी, थानासी रस्ता ओलांडून समोरच्या दाराशी गेले होते. एलेनीने दार उघडलं. आत या म्हणाली नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून कागद वाचला: करडं खेचर, डावा कान कापलेला, तिच्या बापाचं नाव, बर्फ, कडा, दोर. वाचून झाल्यावर रुमाल सोडून लाडू पुढे केला. तो तोवर दगड झाला होता. तिने तो हातात घेतला.

मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

“म्हणजे तो एकटा नव्हता,” ती म्हणाली.

“नाही,” थानासी म्हणाले. “घरचं कोणीतरी बरोबर होतं.”

तेव्हा ती दारातून बाजूला झाली, आणि ते आत गेले.